परसबागेच्या नावाचा वैद्य

माणसाचे आडनाव आणि त्याचे आयुष्य यांचा मेळ क्वचितच बसतो. सगळे पाटील पाटीलकी करीत नाहीत आणि कुलकर्ण्यांच्या दप्तरात आता गावचा हिशेब नसतो. पण साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात राहून गेलेल्या एका वैद्याच्या बाबतीत हा मेळ असा काही जमला की, त्याकडे नुसता योगायोग म्हणून पाहवत नाही. पोर्तुगीज भाषेत ‘ओर्ता’ म्हणजे भाजीपाल्याचा मळा, घराला लागून असलेली परसबाग. या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. समुद्रकाठच्या घरी त्याने झाडे राखली, त्या झाडांची पाने, मुळे आणि फळे औषधात व स्वयंपाकात कशी जातात हे डोळ्यांनी पाहिले आणि ते सगळे एका ग्रंथात लिहून ठेवले. हिंदुस्थानातल्या वनस्पतींची भरवशाची ओळख युरोपला झाली ती या ग्रंथामुळे. आणि त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. या दोन्ही गोष्टींचा धागा परसाशी आणि चुलीशी जाऊन मिळतो, असे मला वाटते. म्हणून आज त्याच्याविषयी.

मी राहतो जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत. जाफराबाद तालुक्यातले हे गाव. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाचे नाव गावाला आहे. समुद्राचा आणि आमचा संबंध पावसाच्या ढगांपुरता. तेही अनेकदा आमच्यापर्यंत पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. मग समुद्रकाठच्या एका पोर्तुगीज वैद्याच्या बागेशी माझे काय नाते? त्याच्या ग्रंथाचे क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९१३ साली निघाले. ते मी वाचायला घेतले तेव्हा परक्या माणसाच्या पुस्तकात आपल्याच घरातली माणसे भेटावीत तसे झाले. हळद ‘आलद’ होऊन आली होती, फणस ‘पनस’ होऊन आला होता, बिब्बा ‘बिबो’ होऊन बसला होता. करवंदेही होती. घाटावरच्या मुलुखाला तो ‘बालागात’ म्हणतो. म्हणजे कोकणातून घाट चढून आले की लागणारा आपला हा कोरडा, काळ्या मातीचा बालाघाट. हा माणूस नुसता किनाऱ्यावर बसून राहिला नव्हता. तो वर आला होता, निजामशाहीत राहिला होता, इथल्या माणसांच्या तोंडची नावे त्याने टिपून घेतली होती. नाते जुळायला एवढे पुरे आहे.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमाराचा. गाव कास्तेलो द व्हिद, पोर्तुगालच्या पूर्वेला, स्पेनच्या सरहद्दीला लागून. आईबाप मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. पाच वर्षांतच, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने सगळ्या ज्यूंना बळजबरीने बाप्तिस्मा द्यायला लावला. अशा बाटवलेल्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. नाव ख्रिस्ती, चर्चमध्ये हजेरी ख्रिस्ती आणि घराचे दार लावल्यावर आत काय, याचा संशय मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात कायमचा. गार्सियाचा जन्म या संशयाच्या उंबरठ्यावर झाला.

त्या मुलुखातल्या घरांची रीत थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्याभोवती फिरतात. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा लांब आणि कोरडा असतो. आभाळ महिनोन् महिने निरभ्र असले की, माणूस चूल घराबाहेर काढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात चूल अंगणात येते, तशीच. घराच्या मागे किंवा मधल्या चौकात मातीची घुमटीसारखी पावाची भट्टी, वर द्राक्षाच्या वेलाचा मांडव, कडेला विहीर किंवा पाण्याचे टाके, अंजीर, डाळिंब आणि ऑलिव्हची झाडे, भिंतीच्या कडेने पुदिना आणि कोथिंबीर. स्पेन-पोर्तुगालात या बागेला अरबांचा हात लागला होता. त्यांनी रहाट नेला, पाट काढून पाणी खेळवायची विद्या नेली आणि पूर्वेकडची झाडेही नेली. संत्र्याला पोर्तुगीजांत ‘लारांजा’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘नारांजा’. मूळ आपले नारिंग. साखरेला ‘आसुकार’ म्हणतात. मूळ आपली शर्करा. म्हणजे ओर्ता हिंदुस्थानात यायच्या कितीतरी आधी हिंदुस्थान त्याच्या परसात जाऊन पोचला होता.

पण ही उघडी चूल नवख्रिस्त्यांना महागात पडणारी होती. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हरभरे, मांस, मसाला घालून हंडी भरायची, तोंड बंद करून निखाऱ्यांत ठेवायची आणि रात्रभर मंद शिजलेले ते अन्न शनिवारी खायचे. ‘आदाफिना’ म्हणत त्याला. आपल्याकडे रात्री हारात दूध ठेवतात, त्याच जातीची ही युक्ती. पण धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, संशयितांच्या खुणांची जी यादी जाहीर केली होती तिच्यात याच गोष्टी होत्या. शुक्रवारी कोण घर झाडूनपुसून काढतो, कोणाकडे दिवा लागतो, शनिवारचे अन्न आदल्या दिवशी कोण शिजवतो, डुकराचे मांस आणि खवले नसलेले मासे कोण खात नाही, मांसातले रक्त कोण काढून टाकतो. चरबीऐवजी तेलात तळल्याचा वाससुद्धा चहाडी करायला पुरेसा असे. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते आहे, हा प्रश्न तिथे जिवावरचा झाला होता.

गार्सिया हुशार निघाला. स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत तो वैद्यकी शिकला. १५२६ मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला आणि १५३० पासून तो लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. मान होता, जागा होती. तरीही मार्च १५३४ मध्ये, मार्तीं आफोंसु द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून, त्याने जहाजावर पाय ठेवला आणि सप्टेंबरात तो गोव्याला उतरला. पुढे दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन सुरू झाले. वारा कुठून येणार हे ज्याला आधी कळते त्याच्यासारखा तो वेळीच निघाला होता. परत गेला नाही. आपल्याकडे कितीतरी माणसे दुष्काळाने गाव सोडतात. हा माणूस संशयाच्या दुष्काळाने निघाला.

पहिली काही वर्षे तो सोझाबरोबर आरमारी मोहिमांत हिंडला. दीव पाहिले, वसई पाहिली, मलबारचा किनारा पाहिला. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या खालची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांतच एक बेट मुंबईचे. घारापुरीची आणि कान्हेरीची लेणी ओर्ताने पाहिली आणि त्यांच्याविषयी लिहून ठेवले. मग तो गोव्यात स्थिरावला. आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो ते तेव्हाचे भरभराटीचे शहर. वैद्यकी जोरात चालली. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रोगी. जोडीला व्यापार होता, औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचाही. ब्रियांडा द सोलिस ही त्याची बायको. १५४९ मध्ये त्याची आई आणि बहिणी पोर्तुगालातल्या छळातून सुटून गोव्यात त्याच्याकडे आल्या. घर भरले. पण ज्या भीतीपासून ही माणसे पळाली होती तिला जहाजाचे भाडे द्यावे लागत नाही, हे त्यांना पुढे कळायचे होते.

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह जमला. शहाच्या औषधोपचारासाठी त्याला घाटावर बोलावणे येई. त्याने स्वतः नमूद केले आहे की, शहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवी आणि तो शहाला लॅटिन नावे शिकवी. दरवर्षी काही महिने दरबारी राहण्यासाठी शहाने मोठी रक्कम देऊ केली होती; ती त्याने घेतली नाही. मला या देवघेवीचे फार अप्रूप वाटते. एक मुसलमान सुलतान, एक वरून ख्रिस्ती आणि आतून ज्यू असलेला वैद्य, भोवती हिंदू वैद्य आणि हकीम, आणि मध्ये बोलणे कशाचे, तर एखाद्या मुळीचे. त्या दरबारात त्याला कोणी शुक्रवारी काय जेवलास असे विचारले नसेल.

१५५४ च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाकडून मुंबईचे बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले. आज मुंबईत एक खोली मिळवताना माणसाचा जन्म जातो. ओर्ताकडे अख्खे बेट होते! तेव्हा ते होते तरी काय? नारळीची रांग, भातखाचरे, मिठागरे, कोळ्यांच्या आणि भंडाऱ्यांच्या वस्त्या. ओर्ताने तिथे कूळ ठेवले होते. ते गोव्याला आंबे पाठवी. त्या बेटावर त्याचे एक आंब्याचे झाड होते. ते वर्षातून दोनदा फळे, एकदा नाताळाच्या सुमारास आणि एकदा मेअखेर. हे लिहिताना त्याला किती आनंद झाला असेल, हे घरचा आंबा असलेल्या माणसाला सांगायला नको.

बेटावरच्या मोठ्या घराभोवती बाग होती. पोर्तुगीज अशा घराला ‘किंता’ म्हणतात. शेतमळ्यातले राहते घर. मुंबईच्या इतिहासकारांनी ही किंता ओर्ताच्या नावाशी जोडली आहे. तिची जागा आज फोर्टमध्ये नौदलाच्या ताब्यात आहे. भूमध्य समुद्राकाठची रीत घेऊन आलेल्या माणसाला इथे सगळेच उलटे करावे लागले असणार. तिकडे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला; इथे जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेले. उघड्या अंगणातली चूल चार महिने विझणारच. तिला पडवी हवी, झापांचा मांडव हवा. खारा वारा आणि दमट हवा ऑलिव्हला मानवत नाही. तिथे वाऱ्याला पाठ देऊन उभा राहतो तो माडच. मग ऑलिव्हच्या तेलाची जागा खोबरेल घेते, द्राक्षाच्या शिरक्याची जागा माडीचा शिरका घेतो, अंजिराची जागा केळे घेते. पोर्तुगीज केळ्याला अंजीरच म्हणू लागले होते. परदेशात घर मांडणारा माणूस आधी आपले अन्न शोधतो. ते मिळाले नाही की, समोर असलेल्याला जुने नाव देतो.

ओर्ताचे वेगळेपण इथे सुरू होते. तो जुन्या नावावर थांबला नाही. झाडाला इथले लोक काय म्हणतात, कुठला भाग वापरतात, कसा शिजवतात, कशात मुरवतात हे तो विचारीत सुटला. यातून उभा राहिला तो त्याचा ग्रंथ, हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. १० एप्रिल १५६३ रोजी तो गोव्यात छापून झाला. छापखाना हिंदुस्थानात प्रथम आला तो गोव्यातच, १५५६ मध्ये. म्हणजे आपल्या देशात छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. छपाईच्या चुका इतक्या की, शुद्धिपत्राचीच कितीतरी पाने झाली. पोर्तुगीजांचा महाकवी कामोईंश तेव्हा हलाखीत गोव्यात होता. त्याची पहिली छापील कविता याच पुस्तकात आहे.

ग्रंथाची मांडणी मोठी गमतीची आहे. ५९ संवाद. बोलणारे मुख्यतः दोघे: एक स्वतः ओर्ता आणि दुसरा स्पेनहून नुकताच आलेला रुआनो हा कल्पित विद्वान. रुआनो पोथीतले बोलतो, ओर्ता पाहिलेले बोलतो. एकाच माणसाची दोन वये जणू वाद घालीत बसली आहेत. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायचे धाडस केले नसते, अशा अर्थाचे तो एके ठिकाणी लिहून जातो. आणि या दोन विद्वानांमध्ये सारखी येजा करते ती अंतोनिया, घरातली दासी. धनी सांगतो, ती परसात जाते आणि पान, फांदी, फळ घेऊन येते. वाद चालू असताना पुरावा आणून ठेवायचे काम तिचे. कुठले झाड कुठे आहे, कुठले फळ आज पिकले आहे, हे तिला ठाऊक असते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही बोलायला येतो.

आता या ग्रंथातली चूल पाहा. हिंगावरचा संवाद वाचावा. हा घाण वासाचा डिंक हिंदुस्थानात जो तो खातो, हे सांगताना तो नाक मुरडीत नाही. सवयीने वास गोड लागतो, हे जाणतो. आंब्याच्या संवादात कैरीत आले-लसूण भरून मीठ, तेल आणि शिरक्यात मुरवल्याची हकीकत येते. आपले भरले लोणचेच ते. करवंदे शिरका-मिठात घातलेली पाहून त्याला ऑलिव्हची आठवण होते. हिरवा बिब्बा मिठात मुरवून खातात, हेही त्याच्याकडे आहे. बिब्ब्याने अंगावर फोड येतात हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना लहानपणीच शिकवतात. कुठले झाड कुठवर औषध आणि कुठून विष, ही सीमा ओळखण्यातच सगळी विद्या असते. माडाच्या संवादात तर घरच उभे राहते: शहाळे, खोबरे, तेल, माडी, गूळ, शिरका, काथ्या. आणि हळदीविषयी लिहिताना ती जेवणाला रंग आणते आणि औषधातही चालते, असे दोन्ही एका दमात येते. आपल्याकडे स्वयंपाकघर आणि औषधाचा बटवा यांत भिंत नसते, हे त्याला उमगले होते.

पटकीचे वर्णन करताना त्याने इथल्या लोकांचा शब्द दिला आहे, ‘मोर्शी’. आपली मोडशीच ती. पोर्तुगीजांनी तिचे ‘मोर्देशी’ केले. आशियातल्या पटकीचे कोणा युरोपियन वैद्याने केलेले हे पहिले तपशीलवार वर्णन मानले जाते आणि त्याला नाव मराठी-कोकणी आहे. ग्रंथात काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. काजू नाही. ब्राझीलमधून आलेला काजू तेव्हा इथे रुजला नव्हता, किंवा ओर्ताच्या नजरेस पडला नव्हता. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हां दा कोश्ताने आपल्या ग्रंथात काजूचे वर्णन केले. ज्या झाडावाचून आज गोव्याची कल्पना करवत नाही ते ओर्ताच्या गोव्यात नव्हते! परस हा असा सतत बदलत असतो.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ओर्ता काही संत नव्हता. तो बेटाचा पट्टेदार होता, व्यापारी होता आणि त्याच्या घरात गुलाम होते. अंतोनियाला वेतन नव्हते आणि निघून जायची मुभाही नव्हती. तिच्या हातून आलेले ज्ञान मालकाच्या नावावर जमा झाले. पण तिचे नाव तरी त्याने छापले. आमच्याकडे घराघरांतून आज्या-पणज्यांनी परसाचे जे शास्त्र सांभाळले त्यातल्या एकीचेही नाव कुठल्या ग्रंथात नाही.

पुस्तकात सगळे आहे. नाही तो स्वतः ओर्ता. घरच्या चुलीवर काय शिजते हे तो सांगत नाही. जगभरच्या चुलींत डोकावणारा हा माणूस आपल्या चुलीवर मात्र पडदा ओढून बसला आहे. कारणही तसेच होते. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात येऊन पोचले होते. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर व्हाइसरॉयच्या बरोबरीने परवानगी देणाऱ्याचे जे नाव आहे, ते गोव्याचा इन्क्विझिटर आलेइशु दियाश फालकां याचे. हा इन्क्विझिटर या पदावर असतानाच पुढचे अरिष्ट ओर्ताच्या घरावर कोसळले.

१५६८ साली ओर्ता वारला. पलंगावर, वैद्यासारखा. त्याच साली त्याची बहीण कातारिना पकडली गेली. छळात तिने आणि तिच्या नवऱ्याने जे कबूल केले त्यात मेलेल्या भावाचे नाव आले: तोही मनाने ज्यूच राहिला, शनिवार पाळीत असे. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळले. ओर्तावरचा खटला त्याच्या मागे चालू राहिला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे उकरून काढून जाहीर सोहळ्यात जाळण्यात आली. मेलेल्याला शिक्षा करायची ही रीत आपल्याला चमत्कारिक वाटते. पण ती शिक्षा मेलेल्यासाठी नसतेच. ती शेजाऱ्यांसाठी असते. तुमच्या घरातला धूरसुद्धा आम्ही मोजतो आहोत, हे जिवंतांना कळावे म्हणून.

आणि मोजणी तिथे थांबली नाही. ज्यूंच्या शुक्रवारच्या हंडीपासून सुरू झालेली नजर पुढे हिंदूंतून ख्रिस्ती झालेल्यांच्या भाताच्या तपेलीपर्यंत आली. १७३६ च्या फर्मानाने गोव्यातल्या ख्रिस्त्यांना घरात वा परसात तुळस लावायला बंदी केली आणि हिंदूंसारखा अळणी भात शिजवून मागून मीठ घ्यायलाही बंदी केली. भातात मीठ आधी की मागून! माणसाचे परस आणि चूल यांच्या वाटेला कोणी एकदा गेला की, तो कुठे जाऊन थांबेल हे सांगता येत नाही.

मुंबईच्या बागेचेही दिवस फिरले. १६६१ च्या विवाहतहाने बेट इंग्रजांकडे गेले. १६६५ मध्ये त्यांनी ताबा घेतला. १६७३ मध्ये आलेला जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य लिहितो की, त्या घराभोवतीची बाग हिंदुस्थानातली सर्वांत रम्य म्हणून नावाजलेली होती. इंग्रजांनी तिच्या लतामंडपांच्या जागी बुरूज घातले आणि तोफा चढवल्या. त्यातूनच मुंबईचा कोट उभा राहिला. बसायच्या ओट्यांवर तोफा आल्या.

पण पुस्तक निसटले. कारोलुस क्लुसिउस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती गोव्यात छापलेली एक प्रत आली. त्याने तिचा लॅटिन संक्षेप केला. तो १५६७ मध्ये अँटवर्पला चित्रांसह छापला गेला. ओर्ता तेव्हा हयात होता. पुढे हा क्लुसिउसच नेदरलंड्समधल्या लायडनच्या विद्यापीठाची बाग उभारणार होता. हाडे जाळणाऱ्यांना पुस्तक जाळून संपवणे जमले नाही, कारण ते एव्हाना युरोपभर वाचले जात होते. काळाची मौज अशी की, खटल्याची हकीकत जगाला कळायला १९३४ साल उजाडावे लागले. आउगुश्तु दा सिल्व्हा कार्व्हाल्यु या पोर्तुगीज संशोधकाने इन्क्विझिशनच्या कागदपत्रांतून ती बाहेर काढली. तोवर ओर्ता हा पोर्तुगालचा एक निष्कलंक, धर्मनिष्ठ विद्वान समजला जात होता. आणि गोष्ट उघड झाल्यावर? पोर्तुगालने त्याला टाकून दिले नाही. १९७१ मध्ये २० एस्कुदोच्या नोटेवर त्याचे चित्र आले, पुढे २०० एस्कुदोच्या नाण्यावरही. पणजीच्या नगरपालिकेच्या बागेला त्याचेच नाव आहे. परसबागेच्या नावाच्या माणसाचे नाव शेवटी बागेलाच मिळाले.

मला या आयुष्यातून एकच गोष्ट हाताशी लागते. कातारिनाच्या घरातली हंडी आणि अंतोनियाने आणलेले पान, दोन्ही घराच्या मागल्या बाजूचे. पुढच्या दाराने माणूस जगाला तोंड देतो. मागल्या दाराने तो जगतो. तिथे तो काय पेरतो, काय शिजवतो, आजारपणात कशाचा काढा घेतो, हे बघणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक विचारतो, हे काय आहे आणि कसे करतात? दुसरा विचारतो, हे करणारा कोण आहे? पहिल्या प्रश्नातून ग्रंथ झाला, दुसऱ्यातून चिता पेटली. दोघेही डोकावतातच, फरक फक्त प्रश्नाचा. ओर्ताचे दुर्दैव असे की, आयुष्यभर पहिला प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या दारात दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला.

आमच्या भागात आता परस आक्रसत चालला आहे. नव्या घरांना मागले अंगण नसते, सिमेंटची गच्ची असते. चूल गेली, गॅस आला आणि तो आला हे बायकांच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी चांगलेच झाले. जुन्या चुलीचे गोडवे मी गाणार नाही. पण अळूच्या चार पानांना, गवती चहाच्या गड्ड्याला, तुळशीला, शेवग्याला आणि कढीपत्त्याला जागा असावी, आणि घरातल्या म्हातारीला त्यांचे गुण कोणीतरी विचारून वहीत उतरवून घ्यावेत. तिचे नाव लिहून, तारीख घालून. यासाठी विद्यापीठ लागत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने गोव्यात हेच केले म्हणून आज आपली मोडशी, आपला बिब्बा आणि आपले करवंद जगाच्या ग्रंथालयात नावानिशी बसले आहेत.

आणि शेजारच्या घरातून फोडणीचा वेगळा वास आला, तर ओर्ताचा प्रश्न विचारावा. काय शिजवताय, एवढाच. बहुधा उत्तराबरोबर वाटीही येते.